आधी चालू कर, मग

इडवलने गाडी ढकलत आणली, चढावरून, दोन मैल,
ब्लायनाऊच्या त्या बारीक पावसातून
जो पडत नाही, नुसता अंगावर राहतो.
"तेल ओकते," म्हणाला, आणि पँटचा उजवा पाय दाखवला,
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळा.

किती घातलंस?
"काठीवर दिसत नव्हतं, म्हणून घातलं."
कधी?
"रविवारी."
कुठल्या?
तो वर बघू लागला, शेडच्या छपराकडे,
पाटीच्या दगडाचं छप्पर, याच डोंगरातून काढलेलं.
"सगळ्याच," म्हणाला.

एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत तळं.
कागदाच्या घड्या भिजून मऊ,
अंगणात विसरलेल्या वहीसारख्या.
ब्रीदरच्या नळीतून पिवळट पांढरं काही निघालं,
ताकावर लोणी यावं तसं, वास मात्र पेट्रोलचा.
हे पाणी आहे, मी म्हटलं. गाडी तापतच नाही तुझी.
कोपऱ्यावरून परत फिरतोस ना?
"कोपऱ्यापर्यंत जात नाही.
काठी बघतो, तेल घालतो, किक मारतो.
आवाज ऐकला की बंद.
आज पहिल्यांदा क्लच सोडला."

नळीच्या टोकाला रबराची झडप असते, बदकाच्या चोचीसारखी.
आतला श्वास बाहेर सोडते, बाहेरचा आत घेत नाही.
हिची चोच मिटून कडक झाली होती.
अंगठ्याने दाबली तर चिरली.
कोंडलेला श्वास कुठून तरी जाणारच.
मग तो गॅस्केट शोधतो, सील शोधतो,
माणसाची पँट शोधतो.

खालचा बोल्ट काढला. पातेलं भरलं.
दुसरं ठेवलं, तेही अर्ध्यावर गेलं.
इडवल बघत उभा, चोरी पकडल्यासारखा.
"मग काठी कोरडी कशी?"

उभ्या गाडीत तेल वरच्या कप्प्यात टिकत नाही, मी सांगितलं.
पंपाच्या फटीतून थेंब थेंब तळाला उतरतं,
आठवडाभर, कोणी बघत नसताना.
काठी पोचते वरच्या कप्प्यापुरती.
खोटं बोलत नाही ती.
तिला तळातलं ठाऊकच नाही.

गाडी नेस्टाची. सगळ्या गावाला माहीत.
शाळेत गणित शिकवायची, नखं कायम काळी,
आणि संध्याकाळी इडवल मागच्या सीटवर,
पोटाशी पावाची पिशवी धरून.
लोक हसायचे. तोही हसायचा, सगळ्यांत मोठ्याने.
ऑक्टोबरमध्ये ती गेली
तेव्हापासून गावाने त्याच्या दारात काय काय ठेवलं:
केक, मेणबत्त्या, चॅपलमधल्या बायकांची पत्रं,
कोणी एक मांजरही.
मी लीकचं सूप ठेवलं. बेल वाजवली नाही.
पुढच्या आठवड्यात पुन्हा ठेवलं.

झडप माझ्याकडे होती, बिस्किटांच्या डब्यात,
कसल्या तरी जुन्या वॉशरांखाली.
ती बसवायला सीट काढली,
तर सीटच्या पोटाला चिकटपट्टी, तिच्यावर तिचं अक्षर,
फळ्यावर असायचं तसं, रेघेत:
आधी चालू कर. दहा मिनिटं थांब. मग
पुढचं तेलाने खाल्लेलं.

इडवलने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"मला कधी सांगितलं नाही."
तू कधी विचारलंस?
"मी मागे बसायचो," म्हणाला.

नवं तेल, मोजून. जरा कमीच.
त्याने किक मारली, तिसऱ्यांदा लागली.
हात किल्लीकडे गेला, सवयीने.
मी मनगट धरलं.

मग आम्ही दोघं उलट्या क्रेटांवर बसलो.
दहा मिनिटं फार असतात
जेव्हा करायला काही नसतं
आणि एकच सिलिंडर बोलत असतो.
नळीच्या तोंडाशी मी पांढरी चिंधी धरून ठेवली.
एक फिकट डाग आला. दुसरा नाही आला.
दाराबाहेर पाऊस तसाच, कुठेही न पडणारा.

सातव्या मिनिटाला तो म्हणाला,
"तुझ्या सूपात मीठ फार होतं, मेरेरिड.
दोन्ही वेळा."

मी अजून काठी काढली नव्हती.