सज्ज्यावरची खुर्ची

डोंगर उतरून टॅप-टॅप थांबली तेव्हा
जाकमेल नुकतंच तोंड धूत होतं.
टपावरून आधी कोंबड्या उतरल्या,
मग कोळशाची पोती,
मग मी, गुडघे चाचपत.

मिरलांदच्या पातेल्यात अकासान रटरटत होतं,
मक्याचं, दालचिनीचं,
चमचा उभा राहील इतकं दाट.
"काय बघायला आलीस?"
"जुनं गाव."
"मग जपून चाल," ती म्हणाली,
"जुनं गाव बरंचसं पायाखालीच आहे."
आणि सुटे गूर्द परत देताना
माझ्या मुठीत एक जास्तीचं नाणं राहिलं,
ते तिनं परत घेतलं नाही.

वखारींची गल्ली उतरत उतरत समुद्राला लागते.
दारं एवढी उंच
की कॉफीची पोती नव्हे,
गलबतंच आत नेऊन बांधायची असतील.
खांब लोखंडाचे.
दर्यापलीकडून जहाजात आडवे पडून आले,
इथे उभे राहिले,
ते आजवर बसलेले नाहीत.
एकाला बोट लावलं तर गंज निघाला,
तळाशी उरलेल्या कॉफीसारखा.
आत आता मोटरसायकली दुरुस्त होतात.
कुणीतरी हॉर्न वाजवून बघत होतं,
सारखा, सारखा,
आणि तो वाजत नव्हता.

दुपारी सावली भिंतीला चिकटून चालली. मीही.

आल्तग्रास बाईंच्या घराला वरचा मजला आहे,
जिना नाही.
भूकंपात तेवढाच गेला.
"सासऱ्यांनी दोन वर्षं घालवली होती त्याच्यावर,"
त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या,
"आणि तो गेला तेव्हा मी फक्त
'अगं' एवढंच म्हणू शकले."
वर निळा सज्जा,
सज्ज्यात वेताची डोलखुर्ची,
तोंड समुद्राकडे.
"शिडी लावली तर काढता येईल की," मी म्हटलं.
त्यांनी शेंगांवरून नजर उचलली,
भाव न पटलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं
तसं माझ्याकडे बघितलं.
"चारला वारा येतो. थांब."

चारला वारा आला.
खुर्ची डोलली.
शाळेतून परतणाऱ्या पोरीनं
रिबिनी सावरत वर हात केला.
लॉटरीवाल्यानं टोपीला बोट लावलं.
समोरच्या न्हाव्यानं तर
वस्तरा थांबवून मान तुकवली,
अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच.
कुणाच्याही चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं.
मीही हात उचलला, अर्धा,
आणि केस सारखे केल्यासारखं केलं.

द्यूसल म्हणजे 'देव एकटा'.
त्याच्या पडवीत राक्षस मात्र पन्नास.
शिंगांचे, चोचीचे, हातभर जीभ काढलेले,
दोरीवर वाळत घातलेले.
कार्निव्हलला अजून पाच महिने होते.
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा कागद,
कसाव्याची खळ,
मातीच्या साच्यावर थरावर थर.
"गाव पडलं, मग सिमेंट आलं," तो म्हणाला,
"सिमेंट कुणाला पुरलं, कुणाला नाही.
पोती मात्र सगळ्यांचीच माझ्याकडे आली."
बोलता बोलता त्यानं
एका बैलाच्या नाकपुडीत लाल रंग भरला.

तोच बैल मी घेतला.
घासाघीस केली, हरले,
त्याचा राग आला नाही.

शेवटच्या टॅप-टॅपला जागा नव्हती,
म्हणून टपावर,
कोंबड्यांच्या रिकाम्या टोपलीशेजारी.
खाली किनाऱ्यावर दिवे लागत होते,
निळा सज्जा कोणता ते आता कळेना.
एक पोरगं माझ्याकडे टक लावून होतं,
म्हणून मी बैल तोंडावर चढवला.
ते खिदळलं, आईच्या पाठीत लपलं.

आत रंग नव्हता.
नुसता तपकिरी कागद, खळीचा आंबूस वास,
आणि डोळ्याच्या भोकाशेजारी
उलटी छापलेली दोन ओळींची अक्षरं.
वळणावर समुद्र शेवटचा दिसला,
त्याचा खारा ओलावा गालावर येत होता,
आणि मी मान वाकडी करून वाचत होते:
वजन साडेबेचाळीस किलो.
कोरड्या जागी ठेवा.