तेरावं नाव

जूनच्या आधी बँक एक नकाशा फुकट वाटते.
वर तिचं बोधचिन्ह, खाली हसरं कुटुंब,
आणि मधे अख्खा अटलांटिक,
गणिताच्या वहीसारखा चौकटीचौकटींचा.
मी तो दुकानात लावते, खाऱ्या माशांच्या भावफलकाशेजारी,
आणि पेन्सिल दोऱ्याला बांधून ठेवते.
पेन्सिली चोरीला जातात. वादळाच्या दिवसांतसुद्धा.

यंदाचा अंदाज मे महिन्यातच आला होता:
समुद्र नेहमीपेक्षा गरम,
सतरा ते एकवीस वादळं, त्यातली चारपाच मोठी.
हिप्पोलाइट म्हणाला, "सतरा काय नि एकवीस काय,
माझ्या घराला एक पुरतं."
आणि उधारीवर दोन किलो खिळे घेऊन गेला.

नावांच्या यादीत तेरावं होतं मिरेल.
आमच्या गावातही एक मिरेल आहे,
फेर्डिलियाची नात, आठ वर्षांची,
पुढचे दोन दात पडलेली.
आपलं नाव रेडिओवर येणार म्हणून
बारावं वादळ समुद्रातच विरलं तेव्हा
तिनं टाळ्या पिटल्या होत्या.

मग सप्टेंबर.
दर सहा तासांनी रेडिओ आकडे सांगायचा,
मी ठिपका द्यायची.
बारा पूर्णांक एक उत्तर, एकेचाळीस पश्चिम.
बारा पूर्णांक चार, साडेबेचाळीस.
तेरा, चव्वेचाळीस.
घर ठाऊक असलेल्या पाहुण्यासारखे
ठिपके वाट न विचारता येत होते.
टीव्हीवर पांढरा शंकू, त्याच्या बरोब्बर मधे आम्ही,
आईस्क्रीमच्या कोनात अडकलेली माशी.

मिरेल दुकानात आली. म्हणाली,
"मी नाही करत आहे हे."
"ठाऊक आहे गं," मी म्हटलं, गोळी पुढे केली.
तिनं घेतली नाही.

फळ्या ठोकल्या. होड्या ओढून माडांना बांधल्या.
मागच्या खेपेला माझ्या नीरफणसावर
कुणाचा तरी न्हाणीचा टब सापडला होता,
तीन महिने कुणी न्यायला आलं नाही.
आता त्यात मी कांदापात लावते.

रात्री चर्चमध्ये सगळे म्हणाले, देवा, हे वळव.
कुठे वळव,
ते कुणीच बोललं नाही.

पहाटेचा आकडा मी दोनदा ऐकला.
सोळा पूर्णांक दोन उत्तर, साठ पश्चिम.
पेन्सिल वर वळली.
हिप्पोलाइट हातोडी घेऊन नाचला, फेर्डिलिया पायरीवरच बसली,
आणि मीही हुश्श केलं. खोटं कशाला बोलू.

पुढचा ठिपका उत्तरेच्या त्या सपाट बेटावर पडला.
नकाशावर ते इतकं लहान आहे
की पेन्सिलीखाली झाकूनच गेलं.
मी खोडरबर घेतलं, परत ठेवलं.

दोन दिवस तिकडून काही ऐकू आलं नाही.
तिसऱ्या दिवशी ऐकू आलं.

हिप्पोलाइटनं आमच्या खिडक्यांवरच्या फळ्या उपसल्या,
वाकडे खिळे दगडावर ठेवून एकेक सरळ केला,
सगळं मालवाहू बोटीत चढवलं.
मी तांदूळ दिले, मेणबत्त्या, ताडपत्र्या, काडेपेट्या.
धक्क्यावर कुणी कुणाकडे फारसं बघत नव्हतं.

मिरेल माझ्या शेजारी उभी होती.
"जे वादळ फार वाईट वागतं
त्याचं नाव यादीतून काढून टाकतात ना?"
"हो."
"मग मी काय करू?"
बोट सुटेपर्यंत मला काही सुचलं नाही,
सुटल्यावरही नाही.
मी तिचा हात धरला, तिनं धरू दिला.

नोव्हेंबर संपला की मी नकाशा उतरवते.
मागची बाजू कोरी असते,
तिच्यावर वर्षभराची उधारी लिहिते.
हिप्पोलाइट, दोन किलो खिळे.
लिहिलं.
मग खोडलं.