कढई माझ्याकडे, माका तिच्याकडे

वाटणीत लोखंडी कढई माझ्याकडे आली,
पाटाकडचा मळा तिच्याकडे.
माका त्या पाटाच्या कडेलाच उगवतो,
बारकी पांढरी फुलं, कोणी न लावता.
वाटणीच्या कागदावर त्याचं नाव नव्हतं.

तीन वर्षं आम्ही जावा बोललो नाही.
निंभोऱ्यात एका भिंतीच्या दोन अंगांना
आमचे केस आपापले पिकत गेले.
केळी तर इथे कच्चीच कापतात,
ती पिकते दिल्लीकडे, कुणाच्या तरी गोदामात.
गावात राहून पिकलं ते एवढंच.

मी एकटीने करून पाहिलं.
पालहून येणाऱ्या रुबाबबाई तडवीकडून
आवळकाठी घेतली, मेंदी घेतली,
चहाच्या चोथ्यासकट रात्रभर कढईत भिजवली.
सकाळी पाणी शाईसारखं.
कढईने आपलं लोखंड दिलं होतं, खोटं कशाला बोलू.
पण पांढऱ्यावर चढला तो नारिंगी रंग.
शाळेत खिचडी वाढताना एक पोरगी म्हणाली,
"बाई, तुमचं डोकं पेटलं."

मग खोबरेल तेलात कढीपत्ता जाळला.
घरभर फोडणीचा वास.
हे ताट घेऊन बसले.

यांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग आहेत,
आमच्या लग्नाच्या वर्षीचे.
उकळले, घासले, लिंबू चोळलं, हलले नाहीत.
एकदा वाटलं, चीकच लावावा डोक्याला.
नाही लावला. पण वाटलं.

मे महिन्यात, भर दुपारी,
रस्त्यावर कुत्रंही नसताना,
ती ओल्या फडक्यात माका घेऊन दारात.
"कढई देती का वं?"
मी म्हटलं, कढई घराबाहेर जात नाही.
मग ती आत आली.

पाट्यावर तिने वाटला, मी तिळाचं तेल ओतलं.
बोललं कोणीच नाही,
तेल तेवढं तडतडत होतं.
तडतड थांबली की समजायचं,
पाणी सगळं उडालं.

तिने माझी मान वाकवली.
मागचं डोकं आपलं आपल्याला दिसत नाही.
"इथं तर कापूस फुटलाय," म्हणाली.

मग मी तिचा भांग पाडायला गेले
तर पाडायची गरजच नव्हती,
पाटाएवढा रुंद पडलेला.
गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला होता.
भिंतीतून कण्हणं यायचं.
मी टीव्हीचा आवाज वाढवला होता.
तेल कोमट होतं. मी हळूहळू जिरवत राहिले,
जिथे केस होते तिथेही, नव्हते तिथेही.

आता दर रविवारी ती येते.
केस काळे झाले का म्हणाल,
तर आधी आमचे तळहात झाले.
परवा तिने विचारलं,
"एक दिवस तरी नेऊ दे ना कढई."
नाही म्हटलं.