सदतीस पूर्णांक शून्य

इन्क्युबेटरच्या कपाळावर लाल आकडे : ३७.०
सकाळी ३७.०, निघताना ३७.०,
वहीत माझ्या अक्षरात फेब्रुवारीभर ३७.०,
एकाखाली एक, रांगेतल्या मुंग्या.

तरी खालच्या कप्प्यातल्या बशा कोऱ्या.
दहा-दहा दिवस ठेवूनही कोऱ्या.
यादमसुरेनच्या गाभडलेल्या शेळीचा नमुना
त्यांतल्याच एकीवर होता.
मी शिक्का मारला : वाढ नाही.
आणि तो तिकडे गोबीच्या कडेला
शिक्क्यावर भरवसा ठेवून
उघड्या हातांनी करडं ओढून काढत असणार.

आधी वाटलं, नमुना वाटेत गोठला.
उणे तेवीस बाहेर; उलानबातरमध्ये
कुठलाही गुन्हा थंडीवर ढकलता येतो.
मग नान्सलमाने दारावर संशय घेतला.
कागदाची पट्टी फटीत धरून दार लावलं, ओढली,
पट्टी फाटली. रबर घट्ट होतं.
यंत्र रेडिएटरपासून हातभर सरकवलं,
खिडकीच्या भेगेत नमद्याचा तुकडा कोंबला.
आकडा जागचा हलला नाही.
इतका स्थिर, की आपल्याच संशयाची लाज वाटावी.

शेवटी छुलूनला बोलावलं.
निवृत्त. एके काळी रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करायचा.
टोपी काढली नाही. आकड्याकडे पाहिलंही नाही.
ग्लिसरीनच्या बाटल्यांत बुडवलेले तीन थर्मामीटर
वर, मध्ये, खाली ठेवले
आणि दाराला चिकटपट्टी लावली :
उद्यापर्यंत कुणी उघडायचं नाही.

सकाळी वर सदतीस. मध्ये साडेचौतीस.
खाली एकतीस.

"पंखा चालतो ना?"
"चालतो की. ऐका, गुणगुणतोय."
त्याने ऐकलं. मग गुडघ्यावर हात टेकून वाकला
आणि शेजारच्या फ्रीजचा प्लग काढला.

अशी शांतता झाली
की तीन मजले खाली कुणी बर्फ फोडत होतं, ते ऐकू आलं.

पंखा कधी मेला, कुणास ठाऊक.
फ्रीजच्या घोरण्याला आम्ही त्याचा श्वास समजत होतो.
ऊब वर जाऊन बसलेली, आणि तिथंच, छताशी, सेन्सर.
तो खोटं बोलला नाही.
त्याने त्याच्या जागेपुरतं सांगितलं,
आम्ही ते अख्ख्या घराचं धरलं.

छुलूनने बेअरिंगमधून जुन्या तेलाचा काळा, केसाळ गोळा काढला,
रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. का, ते मी विचारलं नाही.
चहा नको म्हणाला. मग दोन वाट्या प्यायला.

राखून ठेवलेला नमुना पुन्हा पसरला.
चौथ्या दिवशी बशीवर
दवासारख्या बारीक, मधाळ वसाहती.
ज्याचा आनंद होऊ नये त्याचा झाला,
आणि तो मी गिळला.

फोन लागला तेव्हा यादमसुरेनकडे वारा होता.
"रात्री सोळा करडं झाली," तो ओरडून म्हणाला,
"माझेच सांधे जरा धरलेत. घाम फुटतो. थंडी असेल."
मी म्हणाले, "हातमोजे..."
वारा.
"काय?"
"हातमोजे!"

त्या आठवड्यापासून वहीत तीन रकाने आहेत.
फेब्रुवारीचं पान मात्र मी फाडलेलं नाही.
३७.०
३७.०
३७.०
अक्षर किती सुबक आहे.