कानाची खूण

अल्माटीत पत्ता विचारला की लोक सांगतात, डोंगराकडे वर,
नाहीतर सरळ खाली.
आमचं हॉस्टेल खाली.
खोली चारशे बारा. चार खाटा, एक किटली,
खिडकीच्या दोन काचांच्या मधल्या फटीत लोणी.
थंडी फुकट होती, फ्रिज नव्हता.

झांदोस कझालीचा, स्टेशनावर वाढलेला.
बाप रुळांवर हातोडी वाजवत चालायचा,
आवाजावरून तडा ओळखायचा.
पहिल्या वर्षी पोरगा आला तो
गळ्यापर्यंत बटणं लावून,
आणि पोतंभर कुर्त घेऊन. सुक्या दह्याच्या त्या खारट गोळ्या
आम्ही डिसेंबरपर्यंत खडे चोखावेत तशा चोखल्या.

दुसऱ्या वर्षी त्याने केस राखाडी करायला घेतले,
झाले निळे.
सगळं त्या पाच पोरांपायी,
डोळ्यांत काजळ घालून कझाखमध्ये गाणाऱ्या.
कझाखमध्ये!
शाळेत रशियन फाडफाड बोलणारे आसपास असले
की जी भाषा आम्ही खिशात घालायचो
ती आता बसस्टॉपवरच्या मुली
मोठ्याने गुणगुणत होत्या.

कान तोगझानने टोचला. ती दाताच्या डॉक्टरकीला.
सुई स्पिरिटमध्ये बुडवली, मागे सफरचंदाची फोड धरली,
म्हणाली, हलू नकोस.
फोड नंतर कोणी खाल्ली आठवत नाही.

मी हसलो.
खरं सांगायचं तर सगळ्यांत जोरात मीच.
म्हटलं, ओठ कधी रंगवतोस?
आणि दिवा मालवल्यावर
त्याच्या हेडफोनमधून झिरपणारं ते गाणं
भिंतीकडे तोंड करून पाठ करत पडलो.

कान टोचणाऱ्यांची पुढे रांगच लागली.
काकांनी फोनवरून टोचले,
कुस्तीच्या मास्तरांनी सगळ्यांसमोर.
आमची कमांडंट राया आपाय, अकराला दारं वाजवणारी,
म्हणाली, माझ्या काळी असल्याला हाकलून दिला असता,
आणि जिना पुसायला लागली
त्याच चालीवर, ओठ मिटून.

जानेवारीत बाप आला.
रेल्वेत दीड दिवस, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घोड्याचं काझी,
मिशीवर बर्फ.
झांदोसने लोकरीची टोपी कानांवर ओढली.
खोलीत हीटर फुल्ल. घाम निथळतोय.
तिसऱ्या पेल्यानंतर बापच म्हणाला,
काढ ती टोपी, उकडून मरशील.

आम्ही तिघं आपापल्या पेल्यात बघत बसलो.

तो उठला. केसांकडे पाहिलंच नाही.
कानाची पाळी चिमटीत धरली,
दिव्याकडे वळवली,
मेंढराची वळवतात तशी.
म्हणाला, आमच्याकडे कानाला खूण करतात
ती जनावर हरवलं तर कुणाचं ते कळावं म्हणून.
तू कुणाचा?

झांदोस काही बोलला नाही.
किटली उकळून आपोआप बंद झाली, तो टक् आवाज
अजून माझ्या डोक्यात आहे.
त्या हाताने आयुष्यभर लोखंड वाजवून
त्याचं म्हणणं ऐकलं होतं.
आता तो पाळी धरून उभा होता,
किती वेळ, कुणी मोजलं नाही.
मग म्हणाला, झोपू या. गाडी पहाटे आहे.

स्टेशनवर उणे बावीस.
डबा हलायच्या आधी त्याने स्वतःची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी
पोराच्या डोक्यावर बसवली, कानपट्ट्या बांधल्या,
गाठ मारता मारता पुटपुटला,
थंडीत धातू भाजतो. आत तरी ठेवायचा.
आणि उघड्या डोक्याने गाडीत चढला.

त्याने परवानगी दिली असं नाही.
तोगझान म्हणते, दिली. झांदोस म्हणतो, माहीत नाही.
घरून फोनवर अजूनही अभ्यासाचं आणि हवेचंच बोलतात.

माझा कान कोरा आहे.
मार्चमध्ये बर्फ वितळून रस्त्याकडेचे पाट वाहायला लागले,
तेव्हा एकदा तोगझानच्या दारापर्यंत गेलो,
खिशात सफरचंद घेऊन.
ती लेक्चरला गेली होती.
जिन्यात बसून खाऊन टाकलं,
गाणं म्हणत,
फार मोठ्याने नाही.