पाचर

एकोणीस वर्षं मी पत्रकं लिहितो.
यॉर्कशायरच्या ह्या छावणीत,
कुटुंब कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर.
तीन घड्या, सहा रकाने, गुळगुळीत कागद,
आणि मुखपृष्ठावर हसणारं एक कुटुंब
जे इथे कधीच राहिलेलं नाही.

फेब्रुवारीत एका सहीसाठी चौदा नंबरला गेलो.
वासितीने दार उघडलं, कडेवर तेविता,
अंगात एकावर एक दोन स्वेटर.
फिजीहून आलेल्या माणसाला
आमच्या माळावरचा वारा भिंतीतूनही लागतो.
नवरा, कॉर्पोरल नाइवालू, ऑक्टोबरपासून एस्टोनियात.

स्वयंपाकघरात कपड्यांचं मशीन फिरत होतं.
त्याच्या डाव्या पायाखाली
पाकिटाचा ओळखीचा कोपरा. निळा.
माझाच निळा, छापखान्याशी भांडून मिळवलेला.

"फार नाचायचं हो," ती म्हणाली,
"पार दारापर्यंत चालत यायचं.
हे पाकीट दुमडून घातलं, बरोब्बर बसलं."
उघडलं नाहीत?
"वर त्याचं नाव, त्याचा हुद्दा, त्याचा नंबर.
त्याची पत्रं मी फोडत नाही.
फोनवर विचारलं, तर म्हणाला,
ऑफिसचंच असेल काहीतरी, ठेवून दे.
ठेवून दिलं."

तेविता तीन वर्षांचा. तोंडातून एक शब्द नाही.
कुणाला विचारावं कळेना,
म्हणून ती कुणालाच विचारत नव्हती.

मी गुडघ्यांवर बसून पाकीट ओढलं.
मशीन लगेच थरथरायला लागलं.
त्या खडखडाटात मी माझंच पत्रक
मोठ्याने वाचलं, चौथा रकाना:
"पात्र अवलंबितांसाठी वाक्-विकासविषयक साहाय्य
उपलब्ध असून तदर्थ संबंधित कक्षाशी…"
"अवलंबित म्हणजे?"
तुम्ही.
"आणि ही तीन अक्षरं?"
कक्षाचं नाव, म्हणालो. लघुरूप.
"पूर्ण नाव काय?"

एकोणीस वर्षं.
मला माहीत नव्हतं.

त्या रात्री टेबलाशी बसून खोडत गेलो.
तदर्थ गेलं. संबंधित गेलं.
हसणारं कुटुंब गेलं, त्याचं वाईट वाटलं नाही.
उरलं ते एवढंच:
*मूल बोलत नसेल तर या.
मंगळवारी, दहा वाजता.
व्यायामशाळेच्या मागे, निळं दार.
चहा आहे.*

कॅप्टनसाहेबांनी शेवटची ओळ कापली.
चहा ही सेवा नव्हे, म्हणाले.
ती मी दोनशे बारा कागदांवर पेनाने परत लिहिली.

मग पाकिटं. नावं घालायला यादी काढली,
तर शिपायांची नावं, आणि पुढच्या खणात
पत्नी. पत्नी. पत्नी. पत्नी.
कवायतीला उभी केल्यासारखी.
तेव्हा संध्याकाळी दारोदार फिरलो.
तुमचं नाव काय, एवढंच विचारायला.
एकीने आधी नवऱ्याचंच सांगितलं, मग हसली.
एका घरी पत्नी नव्हतीच,
सार्जंटबाईंचा नवरा होता, दाढीला पीठ लागलेलं.
तो म्हणाला, माझं नाव इथे
आजवर कुणी विचारलं नव्हतं,
आणि ते लिहिताना त्याने माझ्या खांद्यावरून डोकावून
स्पेलिंग तपासलं.

सगळी आली असं नाही.
पहिल्या मंगळवारी पाच जणी,
त्यातल्या दोघी पावसाने आत शिरलेल्या.
वासिती होती. तेविता टेबलाखाली होता.
वाचा-उपचारवाल्या बाई
चहाचा कप घेऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या,
आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

निघताना वासिती म्हणाली,
"नवा कागद चांगला आहे. नावाने आला, मीच फोडला.
पण एकच पान आहे हो.
मशीन पुन्हा चालत दारापर्यंत येतं."

शनिवारी मी
लाकडाची पाचर घेऊन गेलो.