परतीचे मासे

टाक्या साफ करायला मी घरोघर जातो.
माझगाव, भायखळा, महिन्यातून दोनदा परळ.
खांद्यावर नळी, हातात झाकणाची बादली.
जाताना ती रिकामी असते.
येताना बहुतेकदा नसते.

"हा एक काढून न्या हो," म्हणतात लोक,
"वाटला होता तसा निघाला नाही."

काचमासा घ्या. कुर्ल्याच्या दुकानात असताना
त्याच्या पाठीवर सुईनं भरलेली गुलाबी रेघ होती.
तीन महिन्यांत विरली. मागे उरला
नुसता मासा, आरपार,
आतला काटा न् काटा मोजून घ्या.
लीना दुभाष म्हणाल्या, फसवलं आम्हाला.
चौथ्या मजल्यावरून उतरताना मी बादलीला म्हणालो,
रेघ होती तोवर बाई काही बोलल्या नाहीत.

आणि तो शेवाळखाऊ,
लहान होता तेव्हा काच चाटून लख्ख ठेवायचा.
मोठा झाला, दाण्यांची चव लागली,
आता रात्री गोल्डफिशच्या अंगावरची साय खरवडतो.
जालसेठ कपाळाला हात लावून म्हणाले,
"कामासाठी ठेवला, तो तर जावई निघाला."

कारखानिसांकडचे कुली मात्र मी आणले नाहीत.
पाच घेतले होते त्यांनी, पट्टेवाले, करंगळीएवढे.
सोडले त्या दिवशी वाळूत शिरले, ते शिरलेच.
दोन वर्षं कारखानीस
रिकाम्या पाण्याला दाणे घालत होते.
"पिंडाला निदान कावळा तरी दिसतो," वहिनी म्हणायच्या.
बिल्डिंग पाडायला निघाली, सामान बांधलं,
मी टाकीतली वाळू परातीत उपसली,
आणि परात हलायला लागली.
सात होते.
कारखानीस खाली बसले जमिनीवर,
चष्मा पुसला, पुन्हा मोजले.
ट्रकवाला खालून हॉर्न मारत होता.
"सात," ते म्हणाले, "अहो, सात."
ट्रान्झिटच्या खोलीत पलंग मावला नाही,
कुली मावले.

माझ्या मोरीतल्या निळ्या पिंपात आहे तो शार्क.
म्हणजे दुकानदाराचा शार्क.
शार्दूलच्या सहाव्या वाढदिवसाला आणला,
दोन बोटांचा, चांदीसारखा, पाठीवर पंख उभा.
पोरगं रोज काचेला बोट लावून थांबायचं, चावेल म्हणून.
तो चावला नाही.
दिवा लागला की धाडकन काचेवर आपटायचा
आणि तळाशी आडवा पडायचा, मेल्यासारखा.
"हा तर घाबरट आहे," शार्दूल म्हणाला
आणि सायकल मागितली.
दीड वर्षात मासा हातभर झाला,
नाक घासून घासून पांढरं पडलं,
वळायला जागा उरली नाही. तेव्हा मला फोन.

माझी बायको चांगुणा, वरळी कोळीवाड्यातली.
बाजारातून आली, टोपली उतरवली, पिंपात डोकावली.
"यो त बासा!"
"शार्क म्हणून विकलाय."
"अरे, हॉटेलान जातंय ना फिशफ्राय, त्यो यो. शार्क कोन बोल्ला?"
"विकणारा."
"इकनारा काय, मी पन कालच्याला आजचा म्हन्ते."
बाही वर सारून तिनं पाण्यात हात घातला,
पोटाखालून उचलून अंदाज घेतला, गिऱ्हाइकापुढे घेते तसा.
"दीड किलोला थोडा कमी."
मासा तिच्या तळव्यावर तसाच राहिला, न हलता.
ती पण राहिली.
माझ्या घरात मरायला आलेला हा पहिला मासा नव्हता,
आणि कोयती तिथेच होती, हाताशी.
मग तिनं हात काढला, पदराला पुसला,
आणि भात लावायला गेली.

आता रात्री मोरीत जाताना
बटणाला हात लावण्याआधी ती खाकरते.
त्याला कळावं म्हणून.
मीही खाकरतो.
भिंतीपलीकडच्या तुपेबाई परवा म्हणाल्या,
दोघांनाही खोकला दिसतोय,
वेळेवर दाखवून घ्या.